मधल्या रेघेखालचा उजेड

मी एक जुना लाइटबॉक्स आहे. नाव इंग्रजी असले तरी माझा जन्म एका साध्या सुताराच्या हातचा. चार लाकडी पाय, वर किंचित उतरती बसवलेली दुधी काच, काचेखाली दोन ट्यूबलाइट आणि काचेच्या खालच्या कडेला पितळी पट्टीवर तीन खुंट्या. मित्रांनो, माझे काम तसे सोपे आहे. कागदाला तीन भोके पाडून तो खुंट्यांत बसवायचा, त्यावर दुसरा कोरा कागद बसवायचा आणि बटण दाबायचे. खालचे चित्र वरच्या कागदातून दिसू लागते. त्याच्याकडे बघत केसभर वेगळे चित्र वर काढायचे. अशी बारा चित्रे झाली की पडद्यावर एक सेकंद उलटतो. तुम्ही कार्टून बघत खिदळता ना, त्या प्रत्येक खिदळण्यामागे कुणाचा तरी अख्खा दिवस गेलेला असतो.

मला घडवणारा सुतार तोंडाने फटकळ होता. टेबलाच्या पोटात दिवा लावून कुणी शहाणा झाल्याचे आपण ऐकलेले नाही, असे तो काच बसवताना म्हणाला. पण काम त्याने चोख केले. इतक्या वर्षांत माझा एकही पाय कुरकुरला नाही.

हलती चित्रे बनवणाऱ्या एका स्टुडिओत मला नेले. लांबलचक हॉल होता. खिडक्यांना काळे पडदे होते आणि माझ्यासकट नऊ लाइटबॉक्स रांगेत उभे होते. आम्ही जाहिराती बनवायचो. पाय फुटलेला टूथब्रश, गिरकी घेणारा साबण, पावडरच्या डब्यातून बाहेर येऊन गाणे म्हणणारे बाळ. मुख्य चित्रकाराला सगळे मास्तर म्हणत. साबण गिरकी घेणार असेल तर गिरकीचे पहिले चित्र आणि शेवटचे चित्र मास्तर काढत. त्या दोहोंमधली दहा-पंधरा चित्रे दुसऱ्या कुणीतरी काढायची असत. माझ्यापाशी बसून ती काढणारी बाई बाविसाव्या वर्षी आली आणि सव्वीस वर्षे माझ्यापाशीच बसली.

तिला सगळे मधली म्हणत. एक तर ती मधली चित्रे काढायची, आणि दुसरे म्हणजे ती घरातही तीन बहिणींत मधलीच होती. तिची रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ आणि शांत असे. एकदा मास्तरांनी तिच्या चित्रांचा गठ्ठा हलताना कसा दिसतो ते बोटांनी फडफडवून पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की, यात तुझा हात कुठेच दिसत नाही. सगळी चित्रे एकाच हातची वाटणे, आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधलीही हसली. पण त्या दिवशी तिने पुढचा कागद खुंट्यांत बसवायला फार वेळ लावला, हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग संगणक आले. पहिले चित्र दिले, शेवटचे दिले, की मधली सगळी तो स्वतःच काढून देई. हॉलमधले दिवे एकेक करून मालवले. माझे आठ सोबती कुठे गेले ते मला कळले नाही. मधलीला निरोप देताना व्यवस्थापकांनी विचारले की, आठवण म्हणून काय देऊ. तिने माझ्याकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "अहो बाई, याचं घरी काय करणार?" ती म्हणाली, "माहीत नाही."

मी लिफ्टमध्ये मावलो नाही. दोन हमालांनी मला जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवले. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिच्या खोलीत जागा नव्हती म्हणून मला तिच्या वडिलांच्या खोलीत, खिडकीखाली ठेवले. एका बाजूला त्यांचे पुस्तकांचे कपाट आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा पलंग.

वडिलांना घरात अण्णा म्हणत. ते एकेकाळी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. आता वय एक्याऐंशी, पत्नी जाऊन नऊ वर्षे झालेली. त्यांचा उजवा हात थरथरत असे. कपबशी उचलली की तिचा किणकिण आवाज व्हायचा, म्हणून ते पेल्यातून चहा पीत. पेन धरता येत नव्हते, म्हणून लिहिणे चार वर्षांपूर्वी थांबलेले. कुणी भेटायला आले की तो हात ते चादरीखाली लपवत. मी आल्यावर त्यांनी नाक मुरडले. आपण आजारी माणूस आहोत, गोदाम नाही, असे ते म्हणाले. मधलीने ऐकून घेतले. त्या घरात ऐकून घ्यायचे काम तिचेच होते. थोरली आणि धाकटी आपापल्या संसारात होत्या. त्या रविवारी फोन करून औषधे घेतली का, एवढे विचारत.

पहिले कित्येक दिवस मधली नुसती माझ्यापुढे येऊन बसे. दिवा लावी. कोरा कागद खुंट्यांत बसवी. आणि बघत राही. मित्रांनो, सव्वीस वर्षांत तिने हजारो चित्रे काढली होती, पण पहिले चित्र एकदाही काढले नव्हते. मला खालून तिचा चेहरा दिसे. कोऱ्या कागदाआडून तो धुक्यातल्यासारखा वाटे. मला तिला सांगावेसे वाटे की काहीही काढ, गोल काढ, टिंब काढ. पण मला उजेडाखेरीज दुसरी भाषा येत नाही.

एके दुपारी अण्णा पलंगावरून म्हणाले की, त्यांच्या विषयात एक फार जुने कोडे आहे. सुटलेला बाण कोणत्याही एका क्षणी पाहिला तर एका जागी उभाच असतो. दुसऱ्या क्षणीही उभाच. मग तो चालतो कधी? चाळीस वर्षे त्यांनी हे कोडे वर्गात घातले होते. आताही त्यांना उत्तराची अपेक्षा नव्हती. पडल्यापडल्या बोलायचे म्हणून ते बोलले होते.

मधली कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "दोन चित्रांच्या मध्ये, अण्णा. एक कागद उचलतो आणि दुसरा ठेवतो ना, तेव्हा चालतो."

संध्याकाळी अण्णांनी तिला कपाटातली तीन पुस्तके काढायला लावली.

तिथून तो छोटा चित्रपट सुरू झाला. मधलीला लहानपणचे एक चित्र आठवत होते. अण्णांनी तिघी बहिणींना एकदा संग्रहालयात नेले होते. तिथे एका भिंतीवर मोठे थोरले करडे चित्र होते आणि त्यात डाव्या अंगाला एकच उभी काळी रेघ. बाकी काही नाही. थोरली आणि धाकटी कंटाळून बाहेर पळाल्या. मधली तिथेच उभी राहिली, कारण ती रेघ कुणाची तरी वाट बघते आहे असे तिला वाटले. अण्णांना यातले काही आठवत नव्हते. पण ते म्हणाले, मग तिला कुणाकडे तरी जाऊ दे.

चित्रपट तो एवढाच. कागदाच्या डाव्या कडेला एक रेघ उभी आहे, उजव्या कडेला दुसरी. डावी रेघ उजवीकडे निघते. वाटेत ती वाकते, तिचा जिना होतो, जिन्याचा चौकोन होतो. चौकोनांच्या गर्दीत ती शिरते आणि तिथे कुणीही तिला ओळखत नाही. मधलीने ग्रंथालयातून आधुनिक चित्रकलेचे जाडजूड ग्रंथ आणले. त्यांत रंगांचे नुसते पट्टे होते, तुकड्यातुकड्यांनी रंगवलेले चेहरे होते. एका चेहऱ्याचे नाक एकीकडे आणि डोळा भलतीकडेच होता. अण्णांनी तो निरखून पाहिला आणि आमचे विभागप्रमुख अगदी असेच दिसत, असे म्हणाले. मधली मोठ्याने हसली. त्या खोलीत मी ऐकलेले ते पहिले हसू.

पाच महिने माझे दिवे सकाळपासून दुपारपर्यंत जळत होते. चौदाशे चित्रे झाली. मला ती सगळी खालून, उलटीच दिसत. माझ्या लेखी ती रेघ उजवीकडून डावीकडे चालली होती. तरी तिच्याबरोबर माझाही जीव गुंतला.

मग भांडण झाले. शेवट काय करायचा यावर झाले. मधलीच्या मनात होते की रेघ पोचावी आणि दोन्ही रेघा शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात. अण्णांना ते पटेना. जी निघाली ती वाटेत जिना झाली, चौकोन झाली, फुटली, पुन्हा जुळली. मग पोचली ती कोण? हे पोचणे खोटे आहे, लोकांना बरे वाटावे म्हणून जोडलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. आधी शांतपणे चालले होते. मग दोघांचेही आवाज चढले. मधली म्हणाली की चित्रपट माझा आहे, शेवट मी ठरवणार. आणि अण्णांच्या तोंडून निघून गेले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या दोन चित्रांमधली जागा भरलीस तू. शेवट ठरवायची सवय कुठं आहे तुला?"

मधलीने पेन्सिल पितळी पट्टीवर ठेवली. दिवा बंद केला. कागदांचा गठ्ठा नीट बांधून कपाटावर टाकला आणि ती भात टाकायला स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर तिने एका छापखान्यात पुस्तकांची पाने लावायचे काम धरले. सकाळी नऊला जायची, सहाला यायची. अण्णांशी ती बोलत असे, पण जेवायला वाढू का, खिडकी लावू का, एवढेच. माझ्यावर आधी वर्तमानपत्रे आली, मग औषधांच्या बाटल्या, मग इस्त्रीचे कपडे. मित्रांनो, अंधाराची मला भीती नव्हती. पण रोज सकाळी ती खोलीत येई, औषधाची बाटली उचली आणि माझ्याकडे न बघता निघून जाई, ते मला सोसत नसे. अण्णाही दिवसभर एकटे आणि मीही एकटा. एका खोलीत असून दोघांच्याही तोंडाला कुलूप.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती कामावर गेल्यावर अण्णा पलंगावरून उठले. भिंतीला धरत माझ्यापाशी आले. एकेक बाटली उचलून खिडकीत ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. कपाटावरचा गठ्ठा त्यांनी काठीने ओढून खाली पाडला. मग बटण चाचपले आणि माझे दिवे लागले.

ज्या जागी मधली थांबली होती तिथली दोन चित्रे त्यांनी शोधून काढली. तिची पद्धत अशी होती की मुख्य चित्रे आधी काढून ठेवायची आणि मधल्या चित्रांसाठी जागा सोडायची. त्या दोन चित्रांमध्ये तेरा चित्रांची जागा होती. अण्णांनी कोरा कागद घेतला. तो खुंट्यांत उलटा बसवला, मग काढला, मग सुलटा बसवला. पेन्सिल मुठीत धरली. एक उभी रेघ, एवढेच काढायचे होते. पण हात टेकला आणि माझी काचसुद्धा थरथरली. रेघ अशी आली की जणू पाण्यातली सावली. त्यांनी तो कागद टराटरा फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. मग माझ्याकडे वाकून ते हळूच म्हणाले, "बघू नकोस."

मी न बघता कसा राहणार होतो? त्यांचा तळवा माझ्या काचेवर टेकला होता आणि त्याच्या खालून मी उजेड देत होतो.

तेरा चित्रांना एकोणीस दिवस लागले. रोज ती यायच्या थोडे आधी ते बाटल्या जागच्या जागी परत ठेवत आणि कागद गादीखाली सरकवत. मधली संध्याकाळी येई आणि माझी काच कोमट आहे हे तिला कळत नसे, कारण ती काचेला हातच लावत नसे. मला हे गुपित कुणाला सांगता येत नव्हते. मित्रांनो, अशी वेळ कुणावर येऊ नये.

एका रविवारी सकाळी चादर बदलताना तिला ते कागद सापडले. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. मधलीने कागदांच्या कोपऱ्यातले चित्रक्रमांकाचे वेडेवाकडे आकडे पाहिले. मग तिने माझ्यावरच्या बाटल्या बाजूला सारल्या, दिवा लावला, तेराही कागद खुंट्यांत बसवले आणि बोटांत धरून फडफडवले. तिची सरळ रेघ अचानक श्वास घेऊ लागली. ती घाबरत होती, अडखळत होती, तरी पुढे सरकत होती. मधलीने पुन्हा फडफडवले. तिसऱ्यांदा फडफडवले.

"चुकलंय ते," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "फेकून दे."

"दहाव्या चित्रात रेघ मागे गेलीय, अण्णा," ती म्हणाली. "तेवढं परत काढा."

"परत?"

"हो. मधली चित्रं काढणाऱ्याला परत काढावीच लागतात. मी काय कमी काढलीत?"

अण्णांनी मान वळवली. लपवून ठेवलेला हात बाहेर आला.

पुढचे अकरा महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे. मधलीने छापखान्याचे काम अर्ध्या दिवसावर आणले. ती मुख्य चित्रे काढी आणि अण्णा मधली. ती त्यांची चित्रे डोळ्यांत तेल घालून तपासायची आणि निम्मी परत करायची. अण्णा कुरकुरत, आमच्या परीक्षांचे पेपरसुद्धा इतके कडक कुणी तपासत नव्हते म्हणत, आणि पुन्हा काढायला बसत. पाहुणे आले तरी पेन्सिल खाली ठेवत नसत. शेवटाबद्दल मात्र दोघेही बोलले नाहीत. शेवटचे चित्र, उजव्या कडेची ती एकटी रेघ, मधलीने कधीच काढून ठेवले होते. तिच्यापर्यंत कोण आणि कसे पोचते, ते तिथे गेल्यावर बघू असे दोघांनी मनातल्या मनात ठरवले असावे.

तिथे जायला चाळीस चित्रे उरली असताना अण्णांच्या हातातून पेन्सिल सुटू लागली. मग पेलाही सुटला. मग त्यांना दवाखान्यात नेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले की खिडकीकडे, मला सांगता येणार नाही. ते परत आले नाहीत.

पंधरा-वीस दिवस घरात माणसांची ये-जा होती. ती सरली. थोरली आपल्या घरी परतली, धाकटीही परतली. मधली माझ्यापुढे येऊन बसली. उरलेली चाळीस चित्रे अण्णांच्या हातासारखी काढायची असे तिने ठरवले होते. तिने रेघ ओढली. सरळ आली. हात मुद्दाम हलवून ओढली. ती नुसती वाकडी दिसली. डाव्या हाताने ओढली, डोळे मिटून ओढली. आठ दिवस ती हेच करत होती. सव्वीस वर्षे तिने हात स्थिर करायला घालवली होती, आणि आता तो थरथरायला तयार नव्हता. माझ्या पायांशी फाडलेल्या कागदांचा ढीग झाला. शेवटच्या कागदावर तिने डोके टेकले आणि ती रडली. तिचे कपाळ आणि माझा उजेड यांच्यात एकच कोरा कागद होता.

दुसऱ्या दिवशी तिने चाळीस कोरे कागद मोजून घेतले. कोपऱ्यात आकडे घातले. आधीच्या चित्रांचे फोटो काढायला माझ्यावर उभ्या केलेल्या कॅमेऱ्याखाली तिने एकेक कोरा कागद ठेवला आणि त्याचा फोटो काढला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, जणू प्रत्येकावर चित्र आहे. त्यानंतर उजव्या कडेची रेघ. चित्रपट संपला.

तो एका लहान सभागृहात दाखवला गेला. मी अर्थातच तिथे नव्हतो. लाइटबॉक्सला कुणी चित्रपटाला नेत नाही. मी त्यातले जवळजवळ प्रत्येक चित्र पाहिले आहे, पण ते हलताना कधीच पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी खोलीत बसून थोरलीला फोनवर सांगत होती, त्यातून मला कळले. तीसेक माणसे होती. थरथरणारी रेघ सुरू झाली तशी माणसे खुर्चीत पुढे सरकून बसली. चित्रपट झाल्यावर एका गृहस्थांनी उठून विचारले की, शेवटी तीन सेकंद पडदा कोराच दिसला, तो काही बिघाड होता का? मधली उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "ती माझ्या वडिलांची चित्रं आहेत."

एवढे सांगून धाकटीने फोन ठेवला.

पुढे मधलीला दुसऱ्या गावी चित्रकलेच्या शाळेत शिकवायला बोलावले. ते घर सोडावे लागले. तिथली खोली लहान, मी पुन्हा मावलो नाही. मला धाकटीच्या घरी बंद गॅलरीत ठेवले आहे. माझ्यावर कपडे धुण्याची पावडर आणि दोन कुंड्या आहेत. कुंड्यांचे पाणी झिरपून एक ट्यूब गेली, दुसरी केव्हा गेली ते मलाही कळले नाही. मधली एकदा येऊन गेली. ओल्या फडक्याने तिने माझी काच पुसली, खुंट्यांमधली माती टाचणीने काढली. तेवढ्यात आतून जेवायला हाक आली.

माझी तक्रार नाही, मित्रांनो. पण दिवसभर कुणाची पावले वाजत नाहीत तेव्हा मनात येते ते सांगतो. तुमच्या घरातही कुणीतरी आपला हात लपवून बसलेले असेल. त्यांना औषध घेतले का, एवढेच विचारून जाऊ नका. त्यांच्याकडे काम घेऊन जा. खरेखुरे काम, ज्याची तुम्हाला गरज आहे असे. चुकले तर चुकले म्हणा आणि शेजारी बसून राहा.

आणि माझ्यासारखे जुने काही कधी घराबाहेर काढायचे ठरले तर जरूर काढा, जागा सगळ्यांनाच लागते. फक्त काच आधी वेगळी करा आणि जाड कापडात गुंडाळा. उचलणाऱ्याच्या हाताला लागता कामा नये.